दापोलीचं कृषी विद्यापीठ, नेरूळच्या नजरेतून

आमच्या सोसायटीत 'आपलं विद्यापीठ' म्हटलं की सगळ्यांना कलिना आठवतं. मुलांच्या मार्कशीटवर शिक्का मुंबई विद्यापीठाचा असतो, त्यामुळे त्यात काही चूक नाही. पण या पट्ट्याला आणखी एक सरकारी विद्यापीठ आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचं अख्खं कोकण त्याच्याकडे आहे, म्हणजे त्यात ठाणे जिल्हा आला आणि पनवेल-उरणही आलं. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली. माझं सासर दापोली तालुक्यात, माहेर उरणच्या खाडीकाठी, आणि भावाची मुलगी तिथेच बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला. हे आधीच सांगून ठेवते. बाई पक्षपाती आहे असं मागाहून कुणी म्हणायला नको. आहेच थोडी.

जायचं कसं, ते थोडक्यात. गोवा महामार्गाने माणगाव, लोणेरे, तिथून आंबेत, मंडणगड करत दापोली. रेल्वेने जाणाऱ्यांनी खेडला उतरून एसटी धरायची. महामार्गाच्या कामाबद्दल मी काही लिहीत नाही, तो वेगळा अभिप्राय होईल.

विद्यापीठाची स्थापना 18 मे 1972 ची. दापोलीचं कृषी महाविद्यालय त्याच्याही आधीचं, 1965 चं. कोकणाला वेगळं विद्यापीठ कशाला हवं होतं, हे तिथल्या आवारात पाच मिनिटं चाललं तरी कळतं. पायाखाली जांभा आणि तांबडी माती. पावसाळ्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मार्चमध्ये विहिरी तळाला जातात. घाटावरच्या काळ्या जमिनीचं शास्त्र इथे काय कामाचं? आवार म्हणजे कुंपणाच्या आत बसवलेली बाग नाही, तर एकापाठोपाठ एक प्रक्षेत्रं आहेत: आंबा, काजू, नारळ, कोकम, मसाल्याची झाडं. दापोली समुद्रसपाटीपासून उंचावर असल्यामुळे मे महिन्यातसुद्धा सकाळी फिरताना घाम पुसावा लागत नाही. नवी मुंबईतल्या माणसाला एवढ्यानेच पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल. इमारतींकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. सरकारी रंग, सरकारी ओल.

पण मला या विद्यापीठाची किंमत कळली ती दापोलीत नाही, उरणात. आमची शेती खारबंदिस्तीतली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. खाडीला मातीचा बांध घालायचा, बांधात उघाडी बसवायची. भरतीला उघाडीची झडप आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं. जून-जुलैच्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन खाली बसतं आणि तेवढ्या मुदतीत भात काढून घ्यायचं. पाऊस लवकर गेला की उन्हाने ओल वर खेचली जाते आणि तिच्याबरोबर मीठही. नेमकं तेव्हा भात पोटरीत (लोंबी अजून आत असताना) किंवा फुलोऱ्यात असतं. शेताच्या कडेला पांढरी पापडी धरायला लागली की बाबा फक्त 'खार चढला' म्हणायचे आणि त्या दिवशी कुणी त्यांच्या वाटेला जायचं नाही. उधाणात बांधाला खांड पडली तर पुढची दोन-तीन वर्षं सरळ पडीक.

अशा जमिनीत पूर्वी रता पिकायचा, लाल तांदूळ. खाराला टिकणारा, पेजेला उत्तम, पण उतारा कमी आणि कापणीआधीच आडवा पडायचा. या विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे. काळा रता आणि भुरा रता या जुन्या वाणांतून निवड करून तिथे आधी सुधारित रता झाला आणि पुढे पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 हे खार सोसणारे वाण आले. सीबीडीहून पनवेल किती लांब? आपल्यातले निम्मे लोक त्या गावातून रोज गाडी घेऊन जातात. मोड आलेलं बियाणं चिखलात फेकायची आमच्याकडची रहू पद्धत, बांधाच्या आत गोडं पाणी कसं साठवायचं, खारात खत किती द्यायचं, असल्या गोष्टींवर माणसं तिथे बसून काम करतात. बाबांनी घरचा रता सोडून पनवेलचं बियाणं पेरलं तेव्हा आईने दोन वर्षं नाक मुरडलं, भाताला चव नाही म्हणून. चवीबाबत तिचं बरोबर होतं. पण खार चढलेल्या वर्षीही घरात भात आलं, हे तिनेच नंतर शेजारणींना सांगितलं.

आज त्या खाजणांची, म्हणजे खाडीकाठच्या खार जमिनींची, काय अवस्था आहे ते उरणकरांना सांगायला नको. बंदर आलं, कंटेनर यार्ड आली, भराव पडले. ज्यांच्यासाठी हे वाण काढले ती शेतंच मोजकी उरली आहेत. पण समुद्र वर येत असताना आणि पावसाचं वेळापत्रक बिघडलेलं असताना खारात उभं राहणारं भात हा संग्रहालयाचा विषय नक्कीच नाही.

मुरबाड-शहापूरच्या मैत्रिणींना पनवेलचं अप्रूप नसेल, त्यांचं नातं कर्जतशी. याच विद्यापीठाच्या कर्जतच्या केंद्राचं कर्जत-3 हे भात त्यांच्या बांधावर वर्षानुवर्षं आहे, आणि सह्याद्री हा संकरित भातही तिथलाच, 1998 चा.

आता आंबा. कोकणच्या विद्यापीठाबद्दल लिहायचं आणि आंब्यावर घसरायचं नाही, हे कसं जमणार? वाशीच्या बाजारात मे महिन्यात पेटी घेताना तुमची खरी भीती एकच असते: साका. वरून फळ देखणं, वास घमघमतो, आणि कापल्यावर कोयीलगतचा गर पांढरट, भुसभुशीत, आंबट. बाहेरून ओळखायची सोय नाही, विक्रेत्यालाही नाही. यावर विद्यापीठाने 1981 मध्ये रत्ना दिला, नीलम आणि हापूसचा संकर. फळ हापूसपेक्षा मोठं, गर गडद केशरी, रेषा नाही आणि साका नाही. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 1992 मध्ये सिंधू आला. सिंधू पहिल्यांदा चिरला तेव्हा सुरी कोयीला अडेल म्हणून मी जपून धरली होती. ती जवळजवळ पलीकडेच गेली, इतकी कोय पातळ. मुलांनी चोखायला कोय मागितली तर द्यायला काही नव्हतं, त्यावरून घरात भांडण.

चव? प्रामाणिक मत: हापूसचा वास हापूसलाच. रत्ना गोड आहे, भरीव आहे, आमरसाला सुरेख, पण डबा उघडल्यावर शेजारच्या फ्लॅटला कळत नाही. तरी ज्याच्या घरात आंबा फोडींनी खाल्ला जातो त्याने रत्ना नक्की घ्यावा. अडचण अशी की वाशीत तो मागायला गेलात तर बहुतेक वेळा समोरचा तुमच्याकडे बघत राहतो. बाजाराला हापूस हे एकच नाव कळतं. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात पाच जिल्ह्यांत ठाणेही आहे, म्हणून नाव आणखी पक्कं झालं. चांगलंच झालं. पण चाळीसहून जास्त वर्षं झालेल्या रत्नाला अजून स्वतःचं गिऱ्हाईक नाही, आणि इथे मी विद्यापीठाचे गुण कापते. वाण काढणं एक, तो लोकांच्या तोंडी बसवणं दुसरं. दुसऱ्या कामात हे लोक कच्चे.

याचा फायदा मधले उठवतात. माझ्या दिरांनी महामार्गावरच्या एका नर्सरीतून रत्ना म्हणून कलमं आणली, पाचव्या वर्षी धरलेलं फळ बघून जाऊबाई म्हणाल्या, "हा तर आपल्या आडाजवळचा रायवळ." तेव्हा विद्यापीठाच्या नावाने कुठेही मिळणारं कलम विद्यापीठाचंच आहे असं समजू नका. त्यांच्या रोपवाटिकेतून घ्या, पावती घ्या.

एक वस्तू मात्र जाहिरातीशिवाय घराघरांत पोचली: नूतन झेला. बांबूच्या टोकाला कडं, जाळी आणि पातं. फळ देठासकट कापलं जातं आणि जाळीत पडतं. देठ राहिला की चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाही, देठाकडून कुजत नाही. चौदा आणे तयार झालेलं फळ असं उतरवलं की पेटीत नीट पिकतं. आमच्या वाडीवर साठीतले गडी झाडावर चढायचे, आता खालूनच काढतात. विद्यापीठाच्या कामाची मोजदाद करायची तर मी निबंधांच्या आधी हा झेला धरीन.

कल्टार या झाडाची वाढ आवरणाऱ्या औषधाबद्दल दोन शब्द. हापूस वर्षाआड धरतो, तो दरवर्षी धरावा म्हणून ही मात्रा मुळाशी द्यायची शिफारस याच विद्यापीठाची. शिफारस मापात होती. बाग कराराने घेणाऱ्यांनी माप सोडलं, कारण झाड त्यांचं नाही. थकलेल्या बागा पाहून लोक विद्यापीठाला शिव्या घालतात, ते मला पटत नाही.

शिक्षण कसं आहे, ते भाचीच्या तोंडून. प्रवेश बारावी सायन्स आणि सीईटीवर, अभ्यास चार वर्षं, आणि शेवटच्या वर्षात गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम, त्याला ही मुलं 'रावे' म्हणतात. उरणची असूनही ही पोरगी चिखलात उतरायची नाही. आता फोनवर म्हणते, "आत्या, आज दिवसभर लावणी केली, पाठ मोडली." मला आनंद झाला, तिला सांगितलं नाही. प्राध्यापक खरे जाणकार आहेत, बांधावर उभं करून शिकवतात. पण रिक्त जागांचं रडगाणं राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचं, इथेही तेच. आणि वाचनालयात जाऊन पाहाल तर निम्म्या मुलांपुढे एमपीएससीची पुस्तकं. मुलांना दोष नाही. चार वर्षं माती शिकून शेवटी बापाच्या तीस गुंठ्यांवर परत जा, असं त्यांना कुणी सांगावं? मी तरी सांगणार नाही. आणखी एक खटकतं: प्रबंध इंग्रजीत, आणि ज्याच्यासाठी संशोधन झालं तो शेतकरी मराठी पुस्तिकांवर. त्या पुस्तिका चांगल्या असतात, साध्या भाषेत, पण त्या मिळवायला चौकशी करावी लागते.

बाकी पसारा मोठा आहे. वेंगुर्ल्याच्या केंद्राचे टपोऱ्या बियांचे काजू, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7. भाट्याचं नारळ संशोधन. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय. पालघरच्या बहाडोलीच्या जांभळातून निवडलेला कोकण बहाडोली. 1990 नंतर रोजगार हमीतून कोकणात फळबागा लागल्या, त्यांनाही या संशोधनाचा आधार होता. सगळ्याबद्दल लिहायला बसले तर जेवण करायचं राहील.

कुणी जाणार असाल तर मे अखेर किंवा जूनच्या पहिल्या पावसात जा, आंबाही असतो आणि कलमंही. सुट्टीच्या दिवशी कार्यालय बंद, म्हणून शनिवार-रविवारची सहल काढणाऱ्यांनी शुक्रवारी दुपारीच पोचावं. बाल्कनीत लावायला आंबा मागू नका, तिथले लोक हसत नाहीत पण मनात हसतात. कोकमाचं रोप घ्या. सरबतासाठी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घ्या. झेला घ्यायचा तर फक्त वरचा भाग आणा, काठी नको. ती एसटीत मावत नाही, कंडक्टर भांडतो, आणि बांबू काय, पनवेललाही मिळतो.