पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा

आमच्या घरात आजवर कोरी गाडी आलेली नाही आणि याचा मला अभिमान होता. 'होता' असं मुद्दाम लिहितोय.

२००६ साली ६२ हजारांना मारुती ८०० घेतली, सात वर्षं पळवली आणि ३५ हजारांना विकली. मग २००५ मॉडेलची सँट्रो सव्वा लाखाला, ती नऊ वर्षं. मी खर्चाची वही ठेवतो. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी सगळं धरून सँट्रोला वर्षाकाठी सरासरी साडेचौदा हजार लागले. त्याच काळात ऑफिसातली मंडळी महिन्याला बारा-तेरा हजारांचा हप्ता भरत होती आणि पार्किंगमध्ये ओरखडा उठला की दोन दिवस त्यांना जेवण जात नव्हतं. मी ती वही काढून त्यांना हिशेब समजावून सांगायचो. बायको म्हणायची, "अहो, नका सांगत जाऊ लोकांना. एखाद दिवशी तोंडावर पडाल."

२०२२ च्या दिवाळीनंतर पडलो.

सँट्रोचा पायाखालचा पत्रा गंजून खालचा रस्ता दिसायला लागला होता, तेव्हा तिला निरोप देणं भाग होतं. पुण्यात आमच्या भागात हमरस्त्याला लागून मोकळ्या प्लॉटवर जुन्या गाड्यांचा एक धंदा होता. पंधरा-वीस गाड्या, वर पताका, कोपऱ्यात पत्र्याची केबिन. तिथे २०१४ ची वॅगन आर दिसली. पांढरी, पेट्रोल, मीटरवर ४१ हजार किलोमीटर. मागणी २ लाख ७० हजार, सौदा २ लाख ४५ हजारांना ठरला. बाजारभावापेक्षा चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त. हे मला तेव्हाही कळत होतं, पण मी त्याचं श्रेय माझ्या घासाघीस करण्याला दिलं.

"डॉक्टरची गाडी आहे सर. एकहाती. घर ते दवाखाना, बाकी कुठे नाही." जुन्या बाजारातल्या सगळ्या गाड्या डॉक्टरांच्या, नाहीतर बँक मॅनेजरांच्या असतात. उरलेली प्रजा गाड्या विकत नसावी. हा विनोद मी स्वतः कितीदा केलाय, पण त्या संध्याकाळी मला तो आठवला नाही. आरसीच्या झेरॉक्सवरचं नाव बघून मी एवढं मात्र म्हणालो, "यात डॉक्टर लिहिलेलं नाही." तो हसला. "आरसीवर डॉक्टर कुठे लिहितात सर?" मीही हसलो.

पासिंग एमएच ०८ होतं, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. डॉक्टर आधी चिपळूणला होते, मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात आले, असं सांगितलं. त्याच प्लॉटवर दिल्ली पासिंगच्या दोन गाड्या होत्या. दिल्लीत तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी होती, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे यायच्या. मग इथला रोड टॅक्स, एनओसी, आरटीओच्या चकरा. ते सगळं मला पाठ होतं. "दिल्लीची नको," असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि चिपळूणची घेतली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळुणात शिरलं, सगळी बाजारपेठ बुडाली, हे मी टीव्हीवर तासन् तास पाहिलं होतं. एमएच ०८, चिपळूण, पूर, स्वस्त गाडी. चार गोष्टी डोक्यात होत्या, पण चार वेगवेगळ्या कप्प्यांत.

गाडी मी संध्याकाळी सात वाजता पाहिली, ही पहिली चूक. ट्यूबलाइटच्या उजेडात पांढरा रंग सगळीकडे पांढराच दिसतो, टचिंग, म्हणजे नंतर केलेली रंगाची डागडुजी, कळत नाही. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं होतं. आत नवीकोरी सीट कव्हर्स, नवं मॅटिंग आणि डोकं दुखेल एवढा चमेलीचा वास. आठ वर्षांच्या गाडीला कुणी चमेली का फवारतं, हा प्रश्न पडायला हवा होता. मी बोनेट उघडून ऑइलची पट्टी काढली, सायलेन्सरमागे हात धरला, क्लच तपासला, स्टेअरिंगची प्ले बघितली. इंजिन खरोखर चांगलं होतं. मला इंजिनातलं कळतं, म्हणून मी इंजिन बघितलं. आमचा नेहमीचा मेकॅनिक भाई दिवाळीला गावी गेला होता. चार दिवस थांबलो असतो तर? पण "उद्या सकाळी एक पार्टी टोकन घेऊन येतेय" म्हटल्यावर माझा धीर सुटला.

पैसे दिले ते असे: सव्वा लाख चेकने, १ लाख २० हजार रोख. भावातले शेवटचे पाच हजार तो रोख दिली तरच कमी करणार होता आणि तेवढ्यासाठी मी बँकेतून नोटा काढून आणल्या. पावती फक्त चेकची मिळाली. त्या पावतीवर खाली बारीक अक्षरात 'गाडी जशी आहे तशी पसंत करून घेतली' असं छापलेलं होतं. ट्रान्सफरचे वेगळे सहा हजार दिले. विमा त्यानेच काढून दिला, फक्त थर्ड पार्टी. आधीच्या वर्षांची पॉलिसी मी मागितली नाही. तो कागद हातात आला असता तर तिथेच उलगडा झाला असता. कारण क्लेम नसलेल्या गाडीचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो, आणि क्लेम झाला की शून्यावर येतो. "कधी क्लेमच केला नाही" म्हणणाऱ्याच्या जुन्या पॉलिसीत बोनस शून्य असेल, किंवा जुनी पॉलिसीच नसेल, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवावं.

हिवाळा-उन्हाळा गाडी सुंदर चालली. एव्हरेज १७ चं. मी वहीत नवं पान उघडलं आणि ऑफिसात पुन्हा भाषणं सुरू केली.

जूनच्या शेवटी पहिला जोराचा पाऊस झाला. त्या आठवड्यात रात्री दीड वाजता खाली पार्किंगमध्ये हॉर्न आपोआप वाजायला लागला. अख्खी सोसायटी गॅलरीत आणि मी लुंगीवर धावत जाऊन बॅटरीची वायर काढतोय. मग डाव्या बाजूच्या पॉवर विंडो गेल्या. मग मीटरचा काटा चालत्या गाडीत शून्यावर पडायचा आणि मनात येईल तेव्हा उठायचा. चेक इंजिनचा दिवा कायमचा मुक्कामाला आला.

भाईकडे नेली. त्याने डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचा एक कनेक्टर सोडवला आणि माझ्यासमोर धरला. आतल्या पितळी पिना हिरव्या झाल्या होत्या, देवघरातलं न घासलेलं तांब्याचं भांडं होतं तशा. तो काही बोलला नाही. ड्रायव्हर सीटचा बेल्ट धरला आणि ओढत गेला. आपण बेल्ट लावतो तेव्हा तो हातभर बाहेर येतो. भाईने तो अडेपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची चॉकलेटी रेघ होती, शाळेतल्या वहीला समास आखावा तशी सरळ. त्या रेघेवरून त्याने नख फिरवलं, भुगा माझ्या तळहातावर टाकला आणि म्हणाला, "सर, ही गाडी पोहून आलीय."

मग सीट खोलली. सीटच्या रुळाचे स्क्रू गंजलेले, मॅटिंगखालच्या फोममध्ये अजून ओल, स्टेपनीच्या खळग्यात कोपऱ्याला चिकटलेला गाळ. नवी कव्हर्स, नवं मॅटिंग आणि चमेली कशासाठी होती, ते एका फटक्यात कळलं. इंजिन मात्र खोलून साफ करून पुन्हा बांधलेलं होतं, आणि छान बांधलेलं होतं. गिऱ्हाईक तिथेच बघणार हे त्यांना ठाऊक असतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथल्या माणसाने नंबर टाकून स्क्रीन माझ्याकडे वळवली. शेवटची नोंद जून २०२१, ७८ हजार किलोमीटर. पुढे काहीच नाही. माझ्या मीटरवर सतरा महिन्यांनंतर ४१ हजार. ही चौकशी दहा मिनिटांची होती आणि फुकट होती.

आरसी एव्हाना आठ महिने 'आरटीओत होती'. कधी साइट बंद, कधी एजंटचं लग्न. शेवटी ऑफिसातल्या गुहागरच्या सहकाऱ्याने मावसभावाकरवी आरसीवरचा माणूस शोधून दिला. डॉक्टर नव्हते ते. चिपळूणच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. मी फोनवर गाडीचा नंबर सांगितला आणि पलीकडून आवाज चढला. "म्हणजे तुम्हीच काय ते? पुण्यात सिग्नल तोडणारे? अहो, माझ्या मोबाइलवर दोन चलनं आलीयत तुमची! मी तर गेल्या वर्षभरात पुणं पाहिलं नाही." मी माफी मागितली. मग ते निवळले आणि त्यांनी सांगितलं, की पुराच्या दिवशी गाडी दुकानामागे उभी होती, टपावरून पाणी गेलं, चौथ्या दिवशी चिखल उपसला तेव्हा सापडली. विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं, धरलं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की तसं धरतात. क्लेमचे पैसे त्यांना मिळाले, गाडी लिलावात गेली. "नाव बदलायच्या टीटी फॉर्मवर सह्या घेतल्या माझ्या, कोऱ्याच. दुकानात कंबरभर गाळ होता, फॉर्म बघायला वेळ कुणाला? मला वाटलं, भंगारात गेली."

मला त्यांचा राग येईना. नाव बदलत नाही तोवर कायद्याच्या लेखी मालक तेच होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय: गाडी विकून टाकली असली तरी आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. मी ती गाडी कुणाच्या अंगावर घातली असती, तर चिपळूणच्या त्या दुकानदाराला कोर्टात उभं राहावं लागलं असतं. मोटार वाहन कायद्यात राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आमच्यापैकी दोघांनीही कळवलं नव्हतं, दोघांनीही कुणावर तरी सोपवलं होतं. जुनी गाडी विकणाऱ्यांनीही हा परिच्छेद वाचावा, असं माझं सांगणं आहे. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव भरल्याशिवाय सही करू नका, आणि भरल्यावर फोटो काढून ठेवा.

विकणाऱ्याकडे गेलो. पहिल्या दिवशी "आणा गाडी, बघू." दुसऱ्या खेपेला "वापरलेली गाडी आहे सर, गॅरंटी कशाची?" तिसऱ्या खेपेला पावतीवरच्या बारीक अक्षरांवर बोट. पोलिस ठाण्यात तक्रार अर्ज दिला, तिथे हा दिवाणी मामला असल्याचं ऐकवलं गेलं. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझ्याजवळ सर्व्हिस सेंटरची नोंद होती, भाईने काढलेले फोटो होते, दुकानदाराने पाठवलेलं क्लेमचं पत्र होतं. पण १ लाख २० हजारांचा पुरावा कुठून आणणार? कागदोपत्री मी गाडी सव्वा लाखाला घेतली होती. पाच हजार वाचवायला गेलो आणि निम्म्या पैशांवरचा हक्क स्वतःच्या हाताने पुसला. दोन तारखा झाल्या, मग समोरच्याने मध्यस्थ पाठवला आणि ७० हजारांवर तडजोड झाली. नाव बदलून देण्याची अटही मी त्यात घातली, ती त्याने पाळली. चलनं मी भरली.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, आणि गाडी त्यांच्या ताब्यात आल्याची नोंद ऑनलाइन करायची, असा नियम आलाय. माझा सौदा त्याच्या पाच महिने आधीचा. आता प्लॉटवर गेलात तर आधी ते अधिकारपत्र मागा. नुसतं मागितल्यावर समोरच्याचा चेहरा बघितला तरी पुष्कळ कळतं.

गाडीचं काय केलं, असं सगळे विचारतात. एक ब्रोकर घरी आला होता. "सर, वरवर वायरिंग करू, कव्हरं बदलू, दीड लाखाला डोळे झाकून जाईल. पाऊस संपू द्या फक्त." बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. तो गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "चमेली आहे का अजून, की नवी आणायची?" पुढच्या महिन्यात गाडी अधिकृत स्क्रॅप केंद्रावर दिली, २४ हजार आले आणि आरसी रद्द झाली. वहीत त्या पानावर बेरीज केली: सुट्टे भाग आणि भाईची मजुरी धरून तोटा १ लाख ८३ हजार. सँट्रोचा साडेबारा वर्षांचा खर्च.

कोरी गाडी तरीही घेतली नाही. मागच्या वर्षी शेजारच्या सोसायटीतल्या एका निवृत्त बाईंची २०१२ ची आय टेन घेतली. सकाळी दहा वाजता, उन्हात, भाईला बरोबर घेऊन. जुन्या पॉलिसी त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून ठेवल्या होत्या, बोनस ५० टक्के. मी दार उघडून आधी ड्रायव्हरचा, मग मागचा पट्टा अडेपर्यंत ओढला. बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. "अहो, काय मापं घेताय का?" मागच्या पट्ट्याच्या तळाशी च्युइंगम चिकटलेलं निघालं, दगडासारखं झालेलं. "हा आमचा नातू," त्या म्हणाल्या. पैसे सगळे चेकने दिले.