वावडिंग घ्यायचं तर इथूनच: महाद्वार रोडच्या बोळातलं काष्ठौषधीचं दुकान

पापाची तिकटीकडून महाद्वार रोडला लागलं की आत एक बोळ जातो, त्यात हे दुकान आहे. पाटीवर नुसतं ‘काष्ठौषधी’ एवढंच वाचता येतं, मालकाचं नाव कधीच उडून गेलंय. दोन गिऱ्हाइकं आत उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. चटणीच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते मे, तिकडं फिरकूच नका. दगडफूल, नागकेशर, जायपत्रीसाठी अख्खं कोल्हापूर तिथं ताटकळत असतं, आणि पन्नास ग्रॅम वावडिंग मागणारीकडं कोण बघतंय! एरवी सकाळी अकराच्या आत गेलात तर माणसं निवांत बोलतात.

मी जाते ती वावडिंगासाठी, म्हणजे जंतांवर देतात त्या वाळक्या दाण्यांसाठी. थोडं नातवाला लागतं, बाकीचं परसातल्या आंब्याला. आंब्याचं पुढं सांगते.

किराणा दुकानात वावडिंग मागितलं की पुडी पुढ्यात पडते, पैसे द्या आणि चला. इथं गल्ल्यावरचे बारके मालक तागडीला हात लावायच्या आधी विचारतात, “कुणासाठी पायजे, काकू?” नातवासाठी म्हटलं. “केवढं हाय पोरगं?” माझ्या शेजारी एक बाई तीन महिन्यांच्या बाळासाठी मागत होती, तिला त्यांनी दिलंच नाही. “सा म्हैने आईचंच दूध असू दे की. वरचं पाणीबी नगं. डॉक्टरास्नी इचारून मग या.” तिला ते फारसं आवडलं नाही. मला मात्र माणूस पटला. आमचा नातू दीड वर्षाचा, म्हणून आमची पुडी बांधली गेली. चार-पाच दाणे दुधात उकळायचे, गाळून द्यायचं. वर हेही सांगितलं की अंगणवाडीत जंताची गोळी मिळते ती चुकवायची नाही, हे तिच्या जागी नव्हे. आयुर्वेदाच्या चरकानं कृमिनाशकांत विडंगाला, म्हणजे वावडिंगालाच, पहिला मान दिलाय, हे दुकानात बसणाऱ्याला ठाऊक नसेल असं नाही, तरी असं बोलतात.

मग आवाज खाली आणून आणखी एक प्रश्न आला. “घरात कोण गरवार न्हाई न्हवं? का कुणाचं दिवस राहायचं चाललंय?” हे विचारणारा दुकानदार मला दुसरा भेटलेला नाही. पिंपळी, वावडिंग आणि टाकणखार (बोरॅक्स) समभाग घेऊन दिवस राहू नयेत म्हणून द्यायची जुन्या वैद्यकात रीतच होती. वावडिंगात एम्बेलिन नावाचं नारिंगी द्रव्य असतं, त्याचे त्या अंगानं प्राण्यांवर प्रयोगही झालेत. म्हणजे पोटाला बरं म्हणून सुनेनं सहज काढा घ्यावा अशी ही वस्तू नाही. डब्यावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ छापून ऑनलाइन जी पूड विकली जाते, तिच्यावर याबद्दल एक ओळ नव्हती. मी भिंग घेऊन वाचलं.

पूड हे लोक ठेवतच नाहीत. “पूड झाली की वळखायचं कसं?” त्यांनी पितळी ताटलीत मूठभर दाणे ओतून मला एकेक दाखवलं. मिरीएवढा गोल दाणा, तांबूस ते काळपट, हाताला खरखरीत. टोकाला बारीकशी चोच, बुडाला देठाचा तुकडा आणि त्याच्याभोवती फुलाच्या वाळक्या निदलांची (बाहेरच्या हिरव्या पाकळ्यांची) चिमुकली चांदणी. नखानं दाबला की साल कुडकन फुटते. आत पापुद्र्याखाली एकच लालसर बी, आणि तिच्यावर पिवळट ठिपके. मग त्यांनी दुसऱ्या बरणीतले दाणे शेजारी ठेवले, कुणा व्यापाऱ्यानं खपवायला आणलेले. त्यांच्यावर उभ्या रेघा. ते याच जातकुळीतल्या दुसऱ्या झुडपाचं फळ, बाजारात सर्रास वावडिंग म्हणूनच जातं. मिरीत पपईच्या बिया घालणारे आपले लोक, वावडिंग काय सोडणार? खऱ्या वावडिंगाची वेल दाट जंगलातली, बी लवकर रुजत नाही, लागवड नावापुरती. त्यामुळं इथला भाव बाहेरच्या दीडपट आहे याबद्दल माझी तक्रार नाही.

आता आंबा. आमच्या परसातल्या झाडाच्या बुंध्याला खोडकिड्यानं भोक पाडलं होतं, खाली भुसा पडायचा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडांच्या औषधपाण्यावर एक अध्याय आहे, सहाव्या शतकातला. त्यात उपाय सांगितलाय: रोगट भाग आधी शस्त्रानं साफ करायचा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यायचा आणि दूध-पाणी घालायचं. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातही झाडाच्या किडीवर वावडिंग येतं, तेही मोहरी, हिंग आणि वेखंडाच्या पंगतीत. त्या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. नलिनी साधले यांनी केलेलं तिचं इंग्रजी भाषांतर १९९६ साली छापून आलं. गंमत अशी की हिंग, वेखंड, वावडिंग या तिन्ही बरण्या या दुकानात एकाच फळीवर आहेत. झाडासाठी म्हटल्यावर बारके मालक हसले नाहीत. उलट म्हणाले, “मग भारीतलं कशाला? चाळणीखालचं घ्या,” आणि फुटके दाणे निम्म्या भावात दिले.

तारेनं अळी ओढून काढली, खलबत्त्यात दाणे कुटले, तूप-मातीत कालवून भोक लिंपलं. आमच्या घरातले पायरीवर बसून बघत होते. “झाडाला तूप, आणि मला भाकरीवर तेल!” पहिल्या रात्री तुपाला मुंगळे लागले, म्हणून दुसऱ्या लेपात तूप निम्म्यावर आणलं. भुसा पडायचा थांबलाय, यंदा झाडाला मोहरही आला. पण श्रेय वावडिंगाचं की तारेचं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. अळी तारेलाच लागली होती. लेपानं जखम उघडी राहिली नाही, एवढं नक्की.

दुकानाच्या खोडीही सांगते. पुडी वर्तमानपत्राच्या कागदात बांधतात. शाईच्या कागदात लहान पोराचं औषध मला चालत नाही, म्हणून मी स्टीलचा डबा घेऊन जाते. डबा पुढं केला की कुरकुर न करता त्यात ओततात. पुडीवर नाव नाही, तारीख नाही. घरी चार पुड्या एकत्र झाल्या की कुठली मुरुडशेंगेची आणि कुठली काकडशिंगीची हे उघडून बघावं लागतं. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितली की शोधाशोध सुरू. आणि थोरले मालक गल्ल्यावर असले तर बाळगुटी कशी उगाळायची यावर प्रवचन होतं, तुम्ही मागा किंवा न मागा. माझ्यासारख्या बाईला, जिनं दोन पोरं गुटीवर वाढवली!

पाचातले चार तारे. एक कापला तो त्या कागदासाठी. गाडी बिंदू चौकात लावून चालत जा, बोळात सायकलसुद्धा वळत नाही. फोनवरून पैसे घेतात. दुपारी दीड ते चार बंद.