४.१० काढून ३.५४ चा एक्सल घातला: सहा महिन्यांनंतर

गाडी १९९६ ची डॉज रॅम २५०० पिकअप, डिझेलवर चालणारी. टू-व्हील ड्राइव्ह, ५.९ लिटरचं बारा व्हॉल्व्हवालं कमिन्स इंजिन, पाच गियरचा मॅन्युअल बॉक्स. पहिल्या मालकाने जड ट्रेलर ओढायचा म्हणून ४.१० चा मागचा एक्सल (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ४.१० फेरे; आकडा लहान तितकं त्याच वेगाला इंजिन हळू फिरतं) निवडला होता, आणि त्याच्या कामाला तो योग्यच होता. मी मात्र बहुतेक वेळा रिकाम्या गाडीने हायवेवर असतो. पाचव्यात ताशी ६५ मैलांना टॅको (इंजिनाचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारा मीटर) २२०० दाखवायचा, ७० ला जवळजवळ २४००.

पेट्रोल गाडी चालवणाऱ्याला यात काय मोठंसं, असं वाटेल. पण या इंजिनाचा स्ट्रोक १२० मिलिमीटरचा, टॉर्क १६०० ला भरात येतो आणि अडीच हजारांच्या पुढे गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, डिझेल आवळायला लागतो. म्हणजे मी सगळा प्रवास इंजिनाच्या वरच्या टोकाशी करत होतो. २२०० ला केबिनमध्ये अशी काही घरघर धरायची की आरशात मागची एक गाडी दोन दिसायची. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचं तर ओरडूनच.

आधी स्वस्त उपाय केला: २४५ च्या जागी २६५/७५ चे मोठे टायर. फरक जेमतेम ७५-८० आरपीएमचा. वर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागला. ते टायर काढून पुन्हा २४५ घातले. गियरबॉक्सच्या मागे बसणारा वेगळा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गियर) मिळतो, तोही पाहिला. चीज उत्तम, पण त्यासाठी प्रोपेलर शाफ्ट कापून छोटा करावा लागतो आणि माझ्या गरजेला ते जरा जास्तच होतं. शेवटी भंगारात निघालेल्या तशाच एका रॅमचा ३.५४ चा अख्खा एक्सल आणून बसवला. नुसता क्राऊन-पिनियन (एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) बदलायचा तर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली फट, आणि दात कुठे घासतात ते जुळवण्यात दिवस जातो. अख्खा एक्सल शनिवारी सकाळी सुरू करून संध्याकाळी संपला. एकच सांगतो, एक्सल स्प्रिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घ्या. जुने एकदा ताणले गेलेले असतात.

आता ६५ ला १९००, ७० ला २०५० च्या आसपास. वेग फोनच्या जीपीएसवर मोजला. घरघर गेली असं नाही, ती आता ७५ च्या पुढे भेटते, आणि तिथे मी जात नाही. रिकाम्या गाडीचं अ‍ॅव्हरेज १७ वरून १९ मैल प्रति गॅलन झालं. मला याहून जास्त अपेक्षा होती, पण पिकअपचं तोंड म्हणजे भिंत; वाऱ्याला रेशो बदलल्याचं काय कौतुक! खरं सांगायचं तर ७० ऐवजी ६० ने गेलो तर जुन्या एक्सलवरही डिझेल वाचलंच असतं. माझे पैसे कानांसाठी गेले, आणि त्याबद्दल तक्रार नाही.

ट्रेलर लावला की मात्र याची किंमत मोजावी लागते. जागेवरून उचलायला अडचण नाही, पहिला गियर ५.६१ चा आहे. चढावर पाचवा पूर्वीपेक्षा लवकर दमतो. चौथ्यात टाकावं तर ६५ ला आरपीएम अडीच हजारांवर, म्हणजे थेट गव्हर्नरच्या दारात. म्हणून चढाला आधीच ५५ वर उतरायचं, चौथ्यात २२०० वर ठेवायचं आणि मागच्यांना ओव्हरटेक करू द्यायचं. पाचव्यातच पाय दाबून धरला आणि इंजिन १५०० च्या खाली रखडलं, की एक्झॉस्टचं तापमान भराभर चढतं. त्यामुळे पायरोमीटर (ते तापमान दाखवणारा मीटर) बसवल्याशिवाय हा बदल करू नका. टॅकोचा काटा खाली दिसतो तेव्हा माणूस निर्धास्त होतो, आणि नेमका तेव्हाच टर्बो भाजत असतो.

वर्षाचे अर्धेअधिक मैल ट्रेलरसकट जात असतील तर ४.१० ला हात लावू नका. आणि गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा एक्सलही त्याच रेशोचा घालावा लागेल. नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावताच ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गियरबॉक्स) आवळली जाते.