दोन सेलच्या, जास्त वॅटच्या व्हेप उपकरणातील बॅटऱ्या: वर्षभराहून अधिक वापरानंतरचा अनुभव

मी ब्रिटनमध्ये राहतो. सिगारेट सोडताना घेतलेले, दोन १८६५० सेलवर (१८ मिमी व्यासाचे, ६५ मिमी लांबीचे, पुन्हा भरता येणारे लिथियम-आयन सेल) चालणारे आणि पडद्यावर २०० वॅटपर्यंतचा आकडा दाखवणारे व्हेप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उपकरण मी वर्षाहून अधिक काळ रोज वापरत आहे. चव आणि वाफ यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण अशा उपकरणातून होणारी मोठी इजा बहुधा बॅटरीमुळेच होते आणि बॅटरीविषयी दुकानदारही फारसे सांगत नाहीत, म्हणून हा अनुभव केवळ बॅटऱ्यांचा आहे.

माझे मत आधीच नोंदवतो: २०० वॅट हा आकडा उपकरणातील सर्किटचा आहे, त्यात घातलेल्या सेलचा नव्हे. दोन सेल एकसर जोडणीत (एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये) असतील, तर २०० वॅटला प्रत्येक सेलवर १०० वॅटचा भार येतो. पूर्ण भरलेल्या सेलचे व्होल्टेज ४.२ असते, तेव्हा सुमारे २४ अँपिअर प्रवाह लागतो, सेल ३.३ व्होल्टपर्यंत उतरला की तेवढ्याच शक्तीसाठी ३० अँपिअर लागतात आणि सर्किटमधील साधारण दहा टक्के नुकसान धरले, तर ३३च्याही पुढे जातात. याउलट सॅमसंग २५आर या सेलची सततच्या प्रवाहाची मर्यादा २० अँपिअर आहे आणि ३०क्यूची १५. म्हणजे सेल जितका रिकामा, तितकी त्याच्याकडून मागणी जास्त, ही गोष्ट हिशेबात धरलीच पाहिजे. सर्किट असलेल्या उपकरणात कॉइलचा (द्रव तापवून वाफ करणाऱ्या तारेचा) रोध किती आहे यावर सेलवरचा भार ठरत नाही, तो वॅटवर ठरतो. कॉइलच्या ओहमवरून थेट प्रवाह काढण्याचा हिशेब सर्किट नसलेल्या यांत्रिक उपकरणांचा आहे, आणि त्या उपकरणांच्या वाटेला कोणी जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

मी २५आरच्या दोन जोड्या घेतल्या. एक जोडी ७० वॅटच्या आसपास वापरली, दुसरी ११० ते १२० वॅटला. पहिल्या जोडीच्या प्रत्येक सेलमधून शेवटच्या टप्प्यातही सुमारे १२ अँपिअर जात, दुसरीतून जवळजवळ २०. काही महिन्यांतच दुसऱ्या जोडीवर ‘बॅटरी कमी’ ही सूचना लवकर येऊ लागली. पण सेल बाहेर काढून मल्टिमीटरवर पाहिले, तर व्होल्टेज चांगले ३.६ दिसे. कारण सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. तो ३० मिलिओहम झाला, तर २० अँपिअरला ०.६ व्होल्ट आतल्या आतच खर्च होतात, १० अँपिअरला ०.३. हा खर्च उष्णतेच्या रूपाने होतो आणि तीच उष्णता सेलला आणखी लवकर म्हातारा करते. सॅमसंगच्या तांत्रिक पत्रकातही २० अँपिअरने २५० वेळा रिकामा केल्यानंतर मूळ क्षमतेच्या ६० टक्के उरावी, एवढीच अपेक्षा नोंदवलेली आहे. ७० वॅटची जोडी अजून समाधानकारक चालते, १२० वॅटची मी बाद केली.

जोडीतले सेल नेहमी एकत्रच भरावेत आणि एकत्रच वापरावेत. नवा सेल जुन्याबरोबर घातला, तर जुना आधी रिकामा होतो आणि नव्याच्या प्रवाहाने तो प्रमाणाबाहेर उतरू शकतो. मी सेलवर तारीख आणि जोडीचे अक्षर लिहून ठेवतो, प्रत्येक सेल स्वतंत्रपणे भरणारा बाहेरचा चार्जर वापरतो आणि घरी कोणी जागे नसताना चार्जिंग करत नाही. बरेच दिवस वापर नसेल, तर सेल पूर्ण भरून न ठेवता ३.७ व्होल्टच्या आसपास ठेवतो.

सुरक्षिततेत सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे सेलवरचे पातळ प्लास्टिक वेष्टन. सेलचा संपूर्ण धातूचा डबा हाच ऋण ध्रुव असतो. धन टोकाशेजारी वेष्टन फाटले किंवा तेथील कागदी कडी सरकली, की दोन ध्रुवांत अगदी थोडे अंतर उरते. वेष्टन थोडेही फाटले तरी ते नवे चढवेपर्यंत तो सेल मी वापरत नाही. सुटा सेल खिशात किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर ठेवणे तर जिवावर बेतू शकते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील १९५ घटना नोंदवल्या आहेत आणि त्यांतल्या ६१ घटनांत उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता. स्वस्तात मिळणारी प्लास्टिकची डबी हा अपघात टाळते, म्हणून ती प्रत्येकाकडे असावीच.

वेष्टनावर छापलेल्या ४० अँपिअरवर विश्वास ठेवू नये. मोठ्या उत्पादकांनी नाकारलेले सेल नव्या वेष्टनात, फुगवलेल्या आकड्यांसह विकले जातात. सेलचे मूळ नाव आणि तांत्रिक पत्रक मिळत नसेल, तर मी तो घेत नाही.

भारतात जाणाऱ्यांसाठी एक सूचना. तेथे २०१९च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सिगारेटची आयात, विक्री आणि साठवणूक यांवर बंदी आहे. मी पुण्याला जाताना उपकरण येथेच ठेवतो. इतर देशांच्या विमानप्रवासात ते चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या सामानातच न्यावे लागते आणि सुटे सेल डबीत ठेवावे लागतात. बाद झालेल्या जोडीच्या टोकांना चिकटपट्टी लावून मी ती दुकानातील बॅटरी-संकलन पेटीत टाकली. ब्रिटनमध्ये वर्षाला ३२ किलोहून अधिक लहान बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानांना त्या परत घेणे बंधनकारक आहे.