मिरचीच्या कुंडीला जीवामृत की व्हर्मिवॉश?

गांडूळखतात लावलेल्या मिरचीला वरून फारसं काही लागत नाही, तरी आपले हात शिवशिवतातच.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, घरच्या घरी होतं. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन 2-2 किलो, बांधावरची मूठभर माती. पण हे एकराचं माप. गच्चीवर कराल तर शेजारी वासानंच भांडायला येतील! शिवाय ते आठवड्याभरात संपवायचं, तेही ओल्या मातीतच.

व्हर्मिवॉश, म्हणजे गांडूळखताच्या थरातून झिरपलेलं पाणी, दहापट पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारलं की झालं. म्हणून कुंडीसाठी मी व्हर्मिवॉशच घेईन. शेताला मात्र जीवामृत. पाणी कधी? बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच.