ऑफलाइन स्कॅन की थेट फॉरमॅट?

फोंड्यात आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर व्हायरस शिरला, तेव्हा सगळ्यांचा एकच सल्ला: फॉरमॅट मार. मी आधी डिफेंडरचा, म्हणजे विंडोजमध्येच येणाऱ्या अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावला. यात विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे एरवी लपून बसणारा मालवेअरही सापडू शकतो. साधारण १५ मिनिटं लागतात आणि आईबाबांचे फोटो जागच्या जागी राहतात. माझा कौल आधी यालाच.

फॉरमॅट जास्त खात्रीचा, पण बॅकअप नसेल तर सगळंच जातं. साफ केलेला व्हायरस पुन्हा उगवत असेल तर मात्र फॉरमॅटच करा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा यूपीएस जोडूनच. बँकेचे पासवर्ड दोन्ही वेळी बदला, तेही दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून.