जेड एम्पायर: गेम जुना झाला पण दुनिया अजूनही भारी

बायोवेअर कंपनीचा जेड एम्पायर २००५ मध्ये एक्सबॉक्सवर आला, पीसीवर २००७ मध्ये, म्हणजे तसा जुनाच गेम, पण चिनी पुराणकथांच्या वातावरणातला आरपीजी (म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) कुणी विचारला तर मी आजही पहिलं नाव याचंच घेते. यातलं साम्राज्य कुठल्या एका खऱ्या राजवंशाचं नाहीये, राक्षस, भुतं, स्वर्गातले अधिकारी, हवेत उडणारी यंत्रं असं सगळं घेऊन वेगळीच दुनिया उभी केलीये आणि तिच्यासाठी थो फान नावाची भाषासुद्धा एका भाषातज्ज्ञाकडून बनवून घेतलीये.

ही दुनिया पटते कारण तिच्या सगळ्या दुखण्याचं मूळ एकच आहे. मेलेल्यांना पुढची वाट दाखवणारी वॉटर ड्रॅगन संकटात आहे म्हणून आत्मे जागोजागी अडकून पडलेत. हे एकदा कळलं की वाटेत येणारं भूत नुसता शत्रू राहत नाही, त्याला मारताना वाईट वाटतं, आणि हे फार कमी गेम्सना जमतं!

माझा सगळ्यात आवडता भाग ग्रेट सदर्न फॉरेस्टचा. तिथे पिलग्रिम्स रेस्ट नावाची सराई आहे, वरून अगदी साधी, वाटसरूंची सोय वगैरे, आणि खाली उतरलं की समजतं इथे माणसं खातात. जंगलात फॉरेस्ट शॅडो नावाची कोल्ह्याच्या जातीची आत्मा आहे ती एक सांगते, स्वर्गाकडून नेमलेला लॉर्ड युन दुसरंच सांगतो, कोणाचं ऐकायचं ते आपण ठरवायचं. मी कितीतरी वेळ तिथेच विचार करत थांबले होते.

फायटिंग रिअल टाइम आहे. वेगवेगळ्या शैली शिकायच्या आणि मारामारी चालू असतानाच बदलायच्या, 'ची' म्हणजे अंगातली ऊर्जा वापरून जखमा भरायच्या, 'फोकस' म्हणजे एकाग्रता वापरून वेळ स्लो करायची. सपोर्ट स्टाइलने, म्हणजे इजा न करता शत्रूला कमजोर करणाऱ्या शैलीने, त्याला अडकवून मग दुसऱ्या शैलीचा जोरदार फटका दिला की तो एका झटक्यात फुटतो, त्याची मजा काही औरच. भुतांवर हत्यार चालत नाही त्यामुळे एकच शैली धरून बसता येत नाही.

आता खटकलेलं सांगते. ओपन पाम (सगळ्यांशी मिळून-मिसळून, मदत करत जगायचं) आणि क्लोज्ड फिस्ट असे वागण्याचे दोन मार्ग आहेत, सुरुवातीला सांगतात की क्लोज्ड फिस्ट म्हणजे वाईटपणा नाही, ज्याने त्याने स्वतःच्या ताकदीवर उभं राहावं असा तो विचार आहे. कल्पना जबरदस्त! पण प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी त्या मार्गाचा पर्याय म्हणजे धमकी द्या, पैसे उकळा नाहीतर मारून टाका एवढाच उरतो, इतका चांगला विचार वाया गेला याचं मला खरंच वाईट वाटतं. मधली विमानातून गोळ्या झाडायची मिनीगेमही कंटाळवाणी आहे, आणि गेम एकूण छोटा, साधारण वीसेक तासांत संपतो.

कथेत पुढे एक मोठा धक्का आहे, तो आधी नेटवर वाचू नका प्लीज. फक्त तुमच्या लढण्याच्या पद्धतीबद्दल लोक जाता जाता काय बोलतात तिकडे नीट लक्ष द्या, ते डायलॉग स्किप करू नका.